वाचकांचे प्रश्न: न्यू जर्सीतलं थम्स अप पाणचट का लागतं?

परदेशातल्या आणि पुण्यातल्या वाचकांनी शीतपेयांबद्दल पाठवलेल्या पत्रांतली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच आहे: नाव ओळखीचं, रंग ओळखीचा, पण घोट घेतला की काहीतरी चुकतं. दुकानात पुढच्या चित्राऐवजी मागचं लेबल आधी वाचायची सवय लावली, तर यातले निम्मे घोळ पैसे देण्याआधीच लक्षात येतील.

प्रश्न: एडिसनच्या इंडियन ग्रोसरीतून थम्स अपच्या २५० मिलीच्या सहा प्लास्टिक बाटल्या आणल्या. पुण्यात प्यायचो तो झणका नाही, गॅस जवळजवळ गेलेला, नुसतं गोड पाणी. माल नकली येतो का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: नकली नसावा, शिळा आहे. शीतपेयाची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सतत झिरपत असतो, झाकण कितीही घट्ट असलं तरी. बाटली जितकी लहान, तितका आतल्या पेयाच्या मानाने प्लास्टिकचा पृष्ठभाग जास्त. म्हणून २५० मिलीची बाटली दोन लिटरच्या बाटलीच्या कितीतरी आधी मरगळते. उष्णतेने झिरपणं आणखी वाढतं. न्हावाशेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत बोटीला महिना-सव्वा महिना लागतो, त्याआधी आणि नंतर कंटेनर उन्हात उभा राहतो, मग घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम आणि शेवटी दुकानातलं फडताळ. लहान पेट बाटलीवर मुळात काही महिन्यांचीच मुदत छापलेली असते. तिची बरीचशी वाटेतच सरते.

थम्स अपमध्ये हे जास्त जाणवतं, कारण भरपूर गॅस आणि मसाल्याकडे झुकणारा तिखटपणा हीच त्याची ओळख. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडला तेव्हा पार्लेने ते बाजारात आणलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड विकत घेतले. आज मालकी त्याच कंपनीची असली तरी थम्स अप म्हणजे वेगळ्या लेबलातला कोक नव्हे, आणि गॅस गेल्यावर जे उरतं ते थम्स अपही नव्हे.

यावर उपाय म्हणजे काचेची बाटली किंवा कॅन घेणं. काच आणि ॲल्युमिनियम यांतून गॅस झिरपत नाही. काचेच्या बाटलीत बघायचं ते पत्र्याचं बूच: त्याच्या दातेरी कडेखाली तांबूस गंजाचं वर्तुळ असेल, तर ती बाटली ओलाव्यात राहिलेली आहे, ठेवून द्या. एका खोक्यातल्या बाटल्या शेजारी शेजारी धरून पेयाची पातळी पाहा. एखादीत ती बोटभर खाली असेल, तर तिचं बूच गळतं आहे. पेटच घ्यावी लागली तर दोन बोटांनी मधोमध दाबा. गॅस शाबूत असलेली बाटली दगडासारखी लागते. अंगठा आत गेला किंवा खांद्याशी खळगा पडला, तर तिच्यात अर्थ नाही.

तारखेत दोन फसगती होतात. भारतीय लेबलावर अनेकदा भरल्याची तारीख असते आणि ‘अमुक महिन्यांच्या आत’ असं वेगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे मुदत आपण मोजायची. आणि ०५/०३ म्हणजे ५ मार्च. अमेरिकी सवयीने ३ मे वाचलंत, तर दोन महिन्यांची चूक होते. आयातदाराने पोषणमूल्यांचा पांढरा स्टिकर नेमका तारखेवर चिकटवला असेल, तर दुकानदाराला मूळ खोकं दाखवायला सांगा, खोक्यावरही तारीख असते.

घरी आणल्यावर बाटली फ्रिजमध्ये उभी, रात्रभर, ४ अंशांच्या आसपास. त्या तापमानाला पाण्यात २० अंशांपेक्षा दीडपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड मावतो. फ्रीझरमध्ये वीस मिनिटं ठेवून उघडलेली बाटली बाहेरून गार आणि मधे कोमट असते, ती फसफसून निम्मा गॅस उघडतानाच सोडते.

प्रश्न: इथलं कोक भारतातल्यासारखं लागत नाही. मेक्सिकोचं घ्या असं ऑफिसातले सांगतात. खरंच फरक असतो का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: असतो, आणि तो गोडीतच असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कोकमध्ये मक्यापासून केलेलं हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप वापरतात. भारतात उसाची साखर. मेक्सिकोहून अमेरिकेत येणाऱ्या ३५५ मिलीच्या काचेच्या बाटलीतही उसाची साखर असते, त्यामुळे भारतातल्या चवीच्या सर्वांत जवळ तीच जाते. बाटलीवर स्पॅनिशमध्ये ‘एचो एन मेहिको’, म्हणजे मेक्सिकोत बनवलेलं, असं असतं आणि मागे इंग्रजी स्टिकर. त्या स्टिकरवरच्या घटकांत ‘केन शुगर’ हे शब्द शोधा. मेक्सिकन दुकानांत ती सुटी मिळते, घाऊक क्लब स्टोअरमध्ये २४ बाटल्यांचं खोकं येतं आणि सुट्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं. २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतच उसाच्या साखरेचं कोक काढत असल्याचं जाहीर केलं. तेही दिसलं तर घटक वाचून घ्या.

दुसरी वाट फारशा भारतीयांना माहीत नसते. ज्यूंच्या पासओव्हर सणात अनेक घरांत मका वर्ज्य असतो. त्यांच्यासाठी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडे साखरेचं कोक निघतं, बहुधा दोन लिटरच्या बाटलीत, पिवळ्या झाकणाचं. झाकणावर वर्तुळातलं यू आणि शेजारी पी ही अक्षरं असतात. ज्यू वस्तीजवळच्या सुपरमार्केटमध्ये सणाच्या दोन-तीन आठवडे आधी बघा, सण लागेपर्यंत थांबलात तर फडताळ रिकामं मिळेल. फक्त पिवळा रंग पाहून घेऊ नका, अक्षरं वाचा.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र हे चांगलं आणि ते वाईट असं काही नाही. ३५५ मिलीत दोन्हींत ३९ ग्रॅम साखर आहे. आणि हा फरक ताज्या बाटलीतच नीट कळतो. कोलातल्या आम्लामुळे साखर हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटत जाते, म्हणजे जुनी बाटली गोडीच्या बाबतीत कॉर्न सिरपच्याच दिशेने सरकत असते.

प्रश्न: दुबईत दहा वर्षं राहून लेस्टरला आलो. इथली फँटा आणि पेप्सी प्यायल्यावर जिभेवर एक चिकट गोडी रेंगाळते. विम्टो हे फळांच्या स्वादाचं पेयसुद्धा तसं नाही. मुलं म्हणतात बाबांची जीभ बिघडली. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: जीभ शाबूत आहे, कृती बदललेली आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅम आणि पुढे २४ पेन्स, असे ते मूळ टप्पे. उत्पादकांनी सोपा मार्ग धरला: साखर ५ ग्रॅमच्या जरा खाली आणायची आणि उरलेली गोडी कृत्रिम गोडव्याने भरायची. फँटा त्यातलीच. पेप्सीने साखर निम्म्याहून कमी केली ती २०२३ मध्ये. साध्या लाल लेबलाच्या कोकने मात्र कर सोसून १०.६ ग्रॅम तशीच ठेवली. दुबईत २०१७ पासून गॅसच्या पेयांवर ५० टक्के कर होता, पण तो किमतीवर, साखर कितीही असो. साखर घटवून उत्पादकाचा काही फायदा नव्हता, म्हणून चव टिकली. जानेवारी २०२६ पासून अमिरातीनेही साखरेप्रमाणे टप्पे आणले आहेत, तेव्हा तिथल्या चवीही यापुढे जुन्या धरू नका.

करामागचा हेतू आम्हाला पटतो. मुलांच्या पेयांतली साखर उतरली, हे चांगलंच झालं. पण ज्याला महिन्यातून एकदा साखरेचीच फँटा हवी आहे, त्याने अंदाजाने पैसे घालवू नयेत. लेबलावर दर १०० मिलीच्या रकान्यात ‘ऑफ विच शुगर्स’ ही ओळ पाहा. १० च्या आसपास आकडा असेल तर पूर्ण साखर, साडेचारच्या आसपास असेल तर गोडवा मिसळलेला. पेयाच्या नावाजवळ ‘विथ शुगर अँड स्वीटनर्स’ असं छापणं तिथे बंधनकारक आहे, अक्षरं बारीक असली तरी ती असतात. भारतीय लेबलावर हेच गोडवे आकड्यांनी ओळखू येतात: ९५० ॲसिसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज. पोलंडच्या दुकानातून ‘मूळ युरोपातली’ फँटा आणायचा सल्ला मिळेल, पण पोलंडमध्येही २०२१ पासून साखरेवर कर आहे. तेव्हा तिथली बाटलीही वाचूनच घ्या.

विम्टोची गंमत अशी की ते मूळचं मँचेस्टरचंच, १९०८ सालचं. आखातात ते परवान्यावर सौदी कंपनी बनवते, रमझानसाठी, दाट आणि भरपूर साखरेचं, ७१० मिलीच्या काचेच्या बाटलीत. ब्रिटनमधलं प्लास्टिकच्या बाटलीतलं विम्टो ब्रिटिश चवीचं, पातळ. आखाती काचेची बाटली लेस्टरच्या आशियाई किराणा दुकानांत मिळते, रमझानच्या आधीच्या महिन्यात सर्वांत सहज. प्रमाण १ भाग सिरप, ४ ते ५ भाग गार पाणी. ब्रिटिश विम्टोच्या सवयीने १० भाग पाणी ओतलंत तर पुन्हा निराशाच.

प्रश्न: ॲमस्टरडॅमला सगळीकडे माझा दिसतो, पेरूचा आणि लीचीचासुद्धा! पण आंब्याचा घेतला तर आपला नाही लागत. (एक वाचक, नेदरलँड्स)

उत्तर: तो आपला नाहीच. भारतातला माझा कोका-कोलाचा. युरोपातलं माझा हे नाव एका डच कंपनीकडे आहे आणि तिची कृती स्वतंत्र आहे. नावावरून तक्रार करण्यात अर्थ नाही. पेय म्हणून ते वाईट नाही, फक्त दुसरं आहे.

भारतीय बाटली मिळाली नाही तर घरी जमवता येतं, पण एक चूक सगळे करतात: हापूसच्या रसाचा डबा आणतात. डब्या-बाटल्यांतल्या आंबा पेयांसाठी मोठ्या प्रमाणावर तोतापुरीचा गर वापरतात. तिचा किंचित कैरीकडे जाणारा आंबटपणा हीच ‘माझा’ची आणि ‘फ्रूटी’ची ओळखीची चव. नुसत्या हापूसने आमरस पातळ केल्यासारखं होतं. तोतापुरीचा गर युरोपात सहज मिळत नाही, म्हणून ८५० ग्रॅमचा केसर गराचा डबा घ्या (त्यात बहुधा साखर असतेच). १०० ग्रॅम गर, १५० मिली गार पाणी, एक चमचा साखर आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल. लिंबाचा रस घालू नका, त्याचा वास आंब्यावर चढतो. मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळा आणि दोन तास गार करा. फेस बसला की चव लागते.

प्रश्न: जर्मनीत इंडियन दुकानातून आणलेल्या लिम्काच्या कॅन सुपरमार्केटच्या यंत्रात घालते तर यंत्र परत टाकतं. डिपॉझिट बुडालं का? (एक वाचक, फ्रँकफर्ट)

उत्तर: कदाचित तुम्ही भरलंच नसेल. बिल पाहा. एकदा वापरायच्या कॅन आणि प्लास्टिक बाटल्यांवर जर्मनीत २५ सेंट डिपॉझिट असतं, पण ते परत मिळण्यासाठी कॅनवर बाटली, डबा आणि वळणारा बाण असं चिन्ह लागतं. आयातदाराने तसा स्टिकर लावला असेल तर यंत्र घेतं. चिन्ह नसेल तर ती कॅन पुनर्वापराच्या कचऱ्यात जाईल. बिलात ‘फांड’, म्हणजे डिपॉझिट, लावलेलं आहे आणि कॅनवर चिन्ह नाही, असं असेल तर त्याच दुकानात बिलासह परत मागा. आणि कॅन चेपू नका, चेपलेल्या कॅनवरचं चिन्ह यंत्राला वाचता येत नाही.

प्रश्न: इराणी हॉटेलात आणि पारशी लग्नात मिळणारा लालभडक रासबेरी सोडा मेलबर्नमध्ये कुठे शोधू? (एक वाचक, ऑस्ट्रेलिया)

उत्तर: मुंबईचा पालनजी १८६५ पासूनचा, पुण्याचा अर्देशीर १८८४ पासूनचा. या बाटल्या त्यांच्या शहरांबाहेरच जेमतेम जातात, ऑस्ट्रेलियात सापडण्याची आशा धरू नका. पण तुम्ही योग्य देशात आहात. रासबेरी हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जुना, सर्रास मिळणारा स्वाद आहे. सुपरमार्केटच्या कॉर्डियलच्या, म्हणजे पाणी घालून प्यायच्या सिरपच्या, रांगेत बिकफर्ड्सचं रासबेरी सिरप मिळेल. ३० मिली सिरप, १५० मिली अगदी गार सोडा, आधी सिरप आणि मग पेल्याच्या कडेने सोडा. चमच्याने एकदाच खालून वर, जास्त ढवळलं की गॅस गेला.

ताज्या किंवा गोठवलेल्या रासबेरी शिजवून करायचा मोह होईल. २५० ग्रॅम फळ, २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, दहा मिनिटं उकळून गाळलं की सुंदर सिरप होतं, पण ते फळाचं लागतं: बियांचा तुरटपणा, जांभळट रंग. तुम्हाला आठवतो तो इसेन्सचा, गोळीसारखा गोड स्वाद. सल्ली बोटी या पारशी मटणाबरोबर तोच हवा असेल, तर बाजारातलं स्वस्त लाल सिरप घरच्या सिरपपेक्षा जास्त जवळचं. स्वीडनमध्ये राहणाऱ्यांनी ‘हालोनसोडा’ मागावा, तोही याच जातीचा.

घरी सोडा मशीन असेल तर फक्त साध्या पाण्यात गॅस भरा. सिरप घालून भरायला गेलात तर फेस नळीत चढतो, मशीन चिकट होतं आणि झडप अडकते. सिलिंडर विकत घेताना आपल्या मशीनला पिळून बसवायचा लागतो की दाबून बसवायचा, ते पाहून घ्या, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत.

प्रश्न: पुण्याहून जाताना सामानातून बाटल्या नेल्या तर विमानात फुटतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हवेच्या दाबाने फुटत नाहीत. सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो. तो जमिनीपेक्षा फार तर पाव बारने (बार हे दाब मोजायचं एकक) उतरतो, आणि कोमट कॅनच्या आत एरवीच तीन-चार बार असतात. फुटतात त्या आपटल्याने आणि उन्हात तापल्याने. कॅनचा पत्रा सर्वांत पातळ, म्हणून कॅन नेऊ नका. ५०० मिली ते १ लिटरची पेट बाटली सर्वांत सुरक्षित. प्रत्येक बाटलीला वेगळी पिशवी, हवा काढून गाठ, मग कपड्यांच्या मधोमध, बॅगेच्या कडेपासून चार बोटं आत. गार करून भरू नका, बाहेर सुटलेल्या पाण्याने लेबल आणि कपडे भिजतात. केबिनमध्ये अर्थातच १०० मिलीच्या वर काही चालत नाही.

खरं तर एक लिटर सोडावॉटर साता समुद्रापार नेण्यात वजन वाया जातं. त्यापेक्षा कोकमाचं आगळ किंवा अमृतकोकम न्या, अर्ध्या लिटरमध्ये दहा-बारा पेले होतात. बुचाच्या आट्यांवर प्लास्टिकची चिंधी ठेवून झाकण पिळा आणि वरून चिकटपट्टी लावा, आगळाचा डाग कपड्यातून निघत नाही. पियूष, ताक, मसाला दूध युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये नेता येत नाही, भारतातून दुधाचे पदार्थ सामानात नेण्यावर तिथे बंदी आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बाटलीबंद पेय चालतं, पण फॉर्मवर खाद्यपदार्थ असल्याचं लिहा. लिहिलं तर फार तर तपासतात, लपवलं तर दंड होतो. कुरियरच्या फंदात पडू नका: वजनाचे पैसे तर लागतातच, शिवाय अमेरिकेत विकतचं खाद्य टपालाने पाठवायचं तर आधी तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला सूचना द्यावी लागते आणि ती नसली तर पार्सल अडकतं.

प्रश्न: अमेरिकेत वाढलेली नात पुण्यात आली आहे, तिला रूट बिअर हवी आहे. ती दारू नसते ना? आणि कुठे मिळेल? (एक आजी, पुणे)

उत्तर: दारू नव्हे, आजी, निर्धास्त द्या. बिअर फक्त नावातच आहे, एरवी ते गोड शीतपेय. मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत, मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात, कॅन मिळू शकते. कॅनवर भारतीय आयातदाराचं नाव-पत्ता, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आणि रुपयांतली कमाल किंमत छापलेला स्टिकर हवा. तो नसेल तर माल चोरवाटेने आलेला असतो आणि किती उन्हात राहिला ते कुणी सांगू शकत नाही. अमेरिकी तारखेत आधी महिना आणि मग दिवस, हे इथेही लक्षात ठेवा. आधी एकच कॅन आणा. रूट बिअरच्या स्वादात विंटरग्रीन या वनस्पतीचा वास असतो, तोच वास आपल्याकडच्या पाठदुखीच्या मलमांना येतो. नात आनंदाने पिईल, घरातले बाकीचे बहुधा एका घोटावर थांबतील. तिला उंच पेल्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा आधी घालून त्यावर हळूहळू ओतून द्या, निम्मा पेला रिकामा ठेवून, कारण फेस पेल्याच्या वर येतो.